सदाशिव पेठेतील काकांस आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) शिकण्यासाठी दुकानातला एक जुना संगणक आणि वेगळी हार्ड डिस्क तुम्ही मला खुशाल वापरू दिलीत, त्याबद्दल जाहीरपणे आभार मानायचे राहून गेले होते. युनिक्सचा जन्म म्हणून १९६९, बेल लॅब्ज ही प्रयोगशाळा, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची एवढे पाठ केले की परीक्षेत गुण मिळत. पण त्याच मुळातून निघालेल्या बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी आणि एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह या शाखा कुठे वेगळ्या पडतात, हे मला तुमच्याकडेच पाहायला मिळाले.

युनिक्सच्या वळणाच्या प्रणालींपैकी लिनक्स आणि फ्रीबीएसडी मोफतच होत्या. सोलारिस ही सन कंपनीची व्यापारी प्रणाली, परंतु २००० साली आलेल्या सोलारिस ८ चा परवाना आठपर्यंत प्रोसेसरच्या यंत्रांना मोफत होता आणि ती इंटेलच्या साध्या संगणकावरही चालत असे. आयबीएमची एआयएक्स आणि एचपीची एचपी-यूएक्स यांना मात्र त्यांच्या कंपन्यांचीच यंत्रे लागत, त्यामुळे त्या विद्यार्थ्याच्या हाती लागणे कठीणच.

वेगळी डिस्क का, हे तुम्ही पहिल्याच दिवशी समजावून सांगितलेत. सोलारिसच्या पार्टिशनला (डिस्कवरील तिच्या भागाला) आणि लिनक्सच्या स्वॅपला (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेला) तेव्हा ८२ हाच ओळखक्रमांक असे, त्यामुळे एकाच डिस्कवर दोन्ही ठेवल्यास लिनक्सचा इन्स्टॉलर सोलारिसलाच स्वॅप समजून पुसून टाकण्याची भीती होती. तसेच 'किलऑल'चे. लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर ही आज्ञा दिलेल्या नावाची प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, बंद करते, तर सोलारिसवर रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याने, ती दिली तर चालू असलेले जवळजवळ सगळेच बंद पडते. हे तुम्ही आधीच बजावलेत, म्हणून पुढे नोकरीत सोलारिसचे सर्व्हर सांभाळताना माझा हात नेमक्या जागी थांबला.

याहून मोठे ऋण वेगळेच आहे. काहीही विचारले की तुम्ही थेट उत्तर न देता त्या त्या प्रणालीचे मॅन पेज, म्हणजे तिच्यातच असलेले माहितीपुस्तिकेचे पान, उघडायला सांगत असा आणि मी वाचून होईपर्यंत शेजारी शांतपणे सोल्डरिंग करत बसत असा. फ्रीबीएसडीची मॅन पेजेस इतकी नेटकी लिहिलेली होती की नव्या यंत्रापुढे बसल्यावर आधी तेथील दस्तऐवज वाचण्याची सवय मला त्यांनीच लावली, आणि ती आजही माझ्या रोजच्या कामाचा पाया आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक जुना विद्यार्थी, पुणे