साबणाच्या वडीला जो नियम, तोच हॉटेलच्या खोलीला लावा

प्रति,
माननीय ग्राहक व्यवहार मंत्री,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आईला घेऊन चार दिवस बाहेरगावी जायचं ठरलं. तिकिटं दहा मिनिटांत झाली. हॉटेलच्या एका खोलीने मात्र माझ्या दोन संध्याकाळी खाल्ल्या. कशा खाल्ल्या, ते आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

पहिल्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले. पडद्यावर दर ठळक अक्षरांत होते आणि त्याखाली राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत 'कर व शुल्क वेगळे'. चार हॉटेलं निवडली, स्वस्तापासून महागापर्यंत क्रम लावला आणि प्रत्येकाच्या पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन पाहिलं. तिथे कर लागले, कुठे 'सुविधा शुल्क' लागलं, एका ठिकाणी मी न मागितलेल्या विम्यावर आधीच टिक केलेली होती. ती काढायला गेले तर बटणावर लिहिलेलं, 'नको, मी धोका पत्करते'. सगळी बेरीज केल्यावर वहीतलं पहिलं हॉटेल तिसऱ्या नंबरवर गेलं. हे सगळं चालू असताना वरच्या कोपऱ्यात एक घड्याळ उलटं पळत होतं : हा दर आणखी ९ मिनिटं ५८ सेकंद. मी पान रिफ्रेश केलं, तर घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर!

दुसऱ्या संध्याकाळी मी एका हॉटेलात फोन केला, तोही दरासाठी नाही. आईच्या गुडघ्यामुळे लिफ्ट आहे का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडच्या माणसाने लिफ्ट असल्याचं सांगितलं आणि मग आवाज थोडा खाली आणून विचारलं, "तुम्हाला तिथे किती दिसतोय रेट?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "मग थेट घ्या ना आमच्याकडे, त्यापेक्षा कमी लावतो. नाश्ताही त्यातच." मी विचारलं, मग हाच दर तुमच्या वेबसाइटवर का नाही? त्यावर उत्तर आलं, "तिथे टाकता येत नाही, मॅडम. फोनवर सांगू शकतो."

स्वतःच्या मालाचा भाव स्वतःच्या दारावर लावता येत नाही, हे ऐकून मी चक्रावले. मग थोडं वाचलं.

बुकिंग साइट हॉटेलकडून कमिशन घेते, साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या घरात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गिऱ्हाईक आणून दिलं तर दलाली घेणारच. पण अनेक करारांत दर समानतेची अट असते. तिच्या सौम्य रूपात साइट म्हणते, फोनवर किंवा काउंटरवर हवं ते करा, पण तुमच्या वेबसाइटवर आमच्यापेक्षा स्वस्त दाखवू नका. कडक रूपात तर दुसऱ्या कुठल्याही साइटवरही स्वस्त द्यायचं नाही. मग आम्ही पाच साइट उघडून 'तुलना' करतो आणि पाचही ठिकाणी तोच आकडा पाहून हाच बाजारभाव असं समजतो.

फ्रान्सने २०१५ साली कायदा करून ही अट मोडीत काढली. पाठोपाठ ऑस्ट्रिया, इटली, बेल्जियम. युरोपीय महासंघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्यानंतर बुकिंग डॉट कॉमला तिथल्या करारांतून ही अट २०२४ मध्ये काढावी लागली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटींचा दंड ठोठावताना अशा अटी करारातून काढायला सांगितलं होतं. म्हणजे रोग ओळखीचा आहे आणि औषधही माहीत आहे. तरीही फोनवरच्या त्या माणसाला आवाज खाली का आणावा लागला, याची चौकशी आपलं खातं करू शकतं. मी करू शकत नाही.

आता 'सगळ्यात स्वस्त' या पाटीबद्दल. ऑस्ट्रेलियात ट्रिव्हागो या तुलना करणाऱ्या साइटवर तिथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला. न्यायालयात उघड झालं की सर्वांत वर दाखवलेला दर तीनपैकी जवळपास दोन वेळा सर्वांत स्वस्त नव्हताच. क्लिकमागे साइटला किती पैसे मिळणार, याला क्रम लावताना मोठं वजन होतं. त्याहून गंमत खोडलेल्या दराची. लाल रेघ मारलेला मोठा आकडा आणि शेजारी छोटा आकडा पाहून आपल्याला वाटतं, केवढी सूट! प्रत्यक्षात काही वेळा मोठा आकडा त्याच हॉटेलातल्या आलिशान खोलीचा होता आणि छोटा साध्या खोलीचा. एप्रिल २०२२ मध्ये त्या कंपनीला ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

'आत्ता १४ जण ही खोली पाहत आहेत' हेही तसंच. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने तपासलं, तेव्हा हे 'पाहणारे' भलत्याच तारखांसाठी पाहत असू शकतात, हे साइट सांगत नसल्याचं आढळलं. २०१९ मध्ये सहा मोठ्या साइटना लेखी कबूल करावं लागलं की असा दबाव आणणार नाही, आणि अनिवार्य शुल्क सुरुवातीला ठळक दाखवलेल्या दरातच धरू. अमेरिकेतही १२ मे २०२५ पासून खोलीचा दर सक्तीच्या शुल्कांसकट आधीच दाखवावा लागतो. (सरकारी कर मात्र त्यांनी त्यातून वगळले. आपण तेही वगळू नयेत, ही विनंती.)

मंत्रिमहोदय, गैरसमज नको. मी दरांवर मर्यादा घाला म्हणत नाही. सुटीच्या दिवसांत खोली महाग होणार, मंगळवारी स्वस्त मिळणार. रद्द करता येणारी खोली न येणारीपेक्षा महाग असणारच, आणि ते रास्तही आहे. ग्राहकाने थोडं डोकं चालवावं, हेही मान्य. माझी पद्धत सांगते : रद्द करता येईल अशी खोली आधी धरून ठेवायची, निघायच्या आठवडाभर आधी त्याच तारखांचा दर पुन्हा पाहायचा, उतरला असेल तर नवी घेऊन जुनी सोडायची. मुदतीची शेवटची तारीख मात्र कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवायची, नाहीतर शहाणपण अंगाशी येतं. आणि हॉटेलला एक फोन करायचाच. पण ही हुशारी कामी यायला समोरचे आकडे तरी एका मापाचे हवेत. एकीकडे एका रात्रीचा करांविना दर, दुसरीकडे चार रात्रींची करांसह बेरीज, तिसरीकडे 'सदस्यांसाठी खास'. असल्या तीन मापांत कसली तुलना करणार?

आपल्या खात्याच्या अखत्यारीतच वजन-मापांचा कायदा आहे. त्यामुळे साबणाच्या साध्या वडीवरसुद्धा 'सर्व करांसह' किंमत छापलेली असते. दुकानदार काउंटरवर त्यात हाताळणी शुल्क मिळवत नाही. खोलीला हा नियम का नाही?

३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपण १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. दर टप्प्याटप्प्याने उघड करणं, खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, नकार देणाऱ्याला ओशाळं करणं, हे सगळं त्यात आहे. यादी वाचताना मला माझी पहिली संध्याकाळ ओळीने आठवत गेली. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करायला सांगितलं गेलं. आता वजनकाटा बरोबर आहे का, हे आपण दुकानदारालाच विचारणार असू, तर तो काय सांगणार? काटा तपासायला निरीक्षक जातो ना, मग इथेही जावा. सामान्य गिऱ्हाईक म्हणून खोली शोधावी, पहिल्या पानावरचा आकडा आणि पैसे भरायच्या पानावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवावेत आणि फरक दर तीन महिन्यांनी कंपनीच्या नावासह जाहीर करावा. माझा अंदाज असा की दंडापेक्षा ही यादीच त्यांना जास्त झोंबेल.

आणि पहिल्या पानावर पूर्ण मुक्कामाची, सगळं धरून, एकच रक्कम सक्तीची करा. फोड ज्याला हवी तो उघडून पाहील.

आम्ही त्या फोनवरच्या माणसाकडेच उतरलो. लिफ्ट होती. निघताना काउंटरवर त्याने बिल दिलं, त्यावर फोनवर सांगितलेलाच आकडा होता, कर धरून. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "मग दोन दिवस तू काय शोधत होतीस?"

आपली,
एक प्रवासी