'सिन्सिअर'चा मेणाशी संबंध नाही

महोदय,

शाळांची स्नेहसंमेलने, व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्याने आणि व्हॉट्सअॅप, सगळीकडे 'सिन्सिअर' या इंग्रजी शब्दाची एक कथा सांगितली जाते. लबाड रोमन शिल्पकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवत आणि उन्हात ते मेण वितळे. म्हणून सचोटीचे कारागीर 'सिने सेरा', म्हणजे 'मेणाविना', अशी ग्वाही देत. ही कथा मागाहून रचलेली आहे. ती मुलांना खरी म्हणून शिकवली जाते, हे फार खटकते.

मधमाशीचे मेण वितळायला ६२ ते ६४ अंश सेल्सिअस लागतात. रोमच्या उन्हात पांढरा संगमरवर इतका तापत नाही. शिवाय मेण लावणे ही लबाडी नव्हतीच. विट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार रंगवलेल्या भिंतीसाठी सांगतो: थोडे तेल घातलेले मेण लावा, निखाऱ्यांनी शेका, मग मेणबत्ती आणि स्वच्छ कापडाने घासा, संगमरवरी पुतळ्यांची निगाही अशीच राखतात. या शब्दाशी मेण जोडले ते चौथ्या शतकातल्या दोनातुस या व्याकरणकाराने, आणि त्याचे उदाहरण आहे मेणाविना मधाचे. पुतळ्याचा तिथे पत्ता नाही.

व्याकरणही आड येते. 'विना' अर्थाचे विशेषण जुनी लॅटिन 'से' जोडून करी. 'कुरा' म्हणजे काळजी, 'सेकुरुस' म्हणजे निर्धास्त. 'सिक्युअर' त्यातूनच आला. 'सिने'पासून झालेला 'सिनेक्युअर', म्हणजे बिनकामाचे पगारी पद, हा शब्द बराच नंतरचा, मध्ययुगीन चर्चच्या लॅटिनमधला.

मूळ लॅटिन शब्द 'सिंकेरुस', अर्थ निर्भेळ. आज अधिक मान्य असलेली फोड अशी: 'एक' आणि 'वाढणे', म्हणजे एकाच वाढीचा, ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही. 'उंच' या अर्थाच्या 'प्रोकेरुस'मध्ये हाच 'वाढणे' दिसतो. आणि 'एक' तर आपल्याही घरात आहे: संस्कृत 'सकृत्', म्हणजे एकदा, ज्यावरून आपण 'सकृद्दर्शनी' म्हणतो.

व्युत्पत्ती तपासताना शब्दाचे लेखी प्रयोग आधी काळानुसार लावावे लागतात, मग ध्वनी आणि शब्दाची घडण पाहायची. डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोश १९४८पासून याच ऐतिहासिक पद्धतीने चालला आहे. पुण्यात तरी शब्दकथा सांगणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी त्या शब्दाचा सर्वांत जुना प्रयोग कोणत्या ग्रंथात, कोणत्या शतकात आहे, एवढे सोबत द्यावे.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०