जादा वेळ नाकारू नकोस

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळावा म्हणून करायच्या अर्जावर सही करायला तू नकार दिलास, मुले हसतील असे म्हणालास, हे आत्याने कळवले. हे पत्र ती तुला मोठ्याने वाचून दाखवील. तसे मी तिला सांगितले आहे.

हसण्याची ही भीती तुझ्या मनात आधी मीच घातली. तू तिसरीत असताना एका संध्याकाळी 'मदत' हा शब्द 'दमत' असा वाचलास, पुन्हा वाच म्हटल्यावर 'मतद' म्हणालास, आणि मी तुझी वही भिरकावली. त्याच रात्री जेवताना तू शाळेत ऐकलेली लांबलचक गोष्ट एकही प्रसंग न गाळता सांगितलीस, तरी मी तुला आळशीच समजत राहिलो. आपल्या खानापूर-बेळगाव भागातल्या मुलांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या पेलाव्या लागतात, त्यामुळे 'कन्नड जड जाते, होईल सवय' असे शाळेतही सांगितले गेले. पण अडचण केवळ नव्या भाषेची असती, तर घरची मराठी तरी तुला सुरळीत वाचता आली असती, एवढा साधा विचार आम्हा मोठ्यांपैकी कोणीच केला नाही. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो.

तपासणीनंतर आम्हाला समजले की अक्षर आणि त्याचा उच्चार यांची जोडी लावायला तुला अधिक वेळ लागतो आणि त्याचा बुद्धीशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे तुझ्यासारख्या अडचणीचा, समावेश आहे, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. ही कोणाची मेहरबानी नव्हे. जादा वेळ मिळाला म्हणून उत्तर कोणी आयते देत नाही, ते तुझ्याच डोक्यातून यायचे असते.

मात्र लेखनिकाला उत्तर सांगणेही सरावानेच जमते. आधी मुद्दे मनात लावून मग एकेक वाक्य सावकाश सांगावे लागते. मळणी आटोपली आहे, तेव्हा रविवारी पहिल्या गाडीने मी येतो. समाजविज्ञानाची जुनी प्रश्नपत्रिका काढून ठेव. तू सांग, मी लिहितो. अर्जाचे त्यानंतर बोलू.

तुझा,
बाबा