आजीला कुणाच्या यादीत धरायचं?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. कुटुंबाच्या अभ्यासात समाजशास्त्र, कायदा, लोकसंख्याशास्त्र, अर्थशास्त्र, सगळंच थोडं थोडं शिकवतात आणि धड कशातच मुरत नाही, असं म्हणालीस. फोनवर मला नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

2011 च्या जनगणनेत आम्हा शिक्षकांना प्रगणक म्हणून घरं वाटून दिली होती. तू तेव्हा लहान होतीस. प्रशिक्षणात ठासून सांगितलं होतं की कुटुंब म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. मग ती नात्याची असोत वा नसोत. मला वाटलं, सोपं आहे. मग वेशीजवळच्या त्या घरात गेले. दार एक, आत चुली दोन. थोरल्याची माजघरात, धाकट्याची पडवीत, मध्ये गोणपाटाचा पडदा. सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्र, विहीर एक, देव्हारा एक. रेशनकार्डं मात्र दोन. म्हातारी आई महिना लावून जेवायची, एक महिना इकडे, एक तिकडे. "आजी, तुम्हाला कुठं धरू?" विचारलं, तर म्हणाल्या, "दोन्हीकडं धर की गं बाई, दोन्ही माझीच हायत."

दोनदा धरायची सोय नव्हती. त्या दिवसांत ज्या चुलीवरचं जेवत होत्या, तिथं त्यांचं नाव लिहिलं. पण तो रकाना अजून माझ्या मनातून गेलेला नाही. माझ्या कागदावर ती दोन कुटुंबं होती, तलाठ्याच्या दप्तरात जमीन एकत्र, आणि आजींच्या लेखी घर एकच. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्व्यांनी 1953 मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक काढलं. त्यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या, त्या अशा: एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, एकत्र देवधर्म आणि आपसातलं नातं. त्या घरात यातली फक्त चूल फुटली होती. ती का फुटली, हे माझ्या तक्त्यात मावत नव्हतं. त्यासाठी दोघी सुनांजवळ बसायला हवं होतं, आणि मला संध्याकाळपर्यंत गल्ली संपवायची होती.

आणखी एक गोष्ट, तुला मी कधी नीट सांगितली नाही. महाराष्ट्रानं 1994 सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. तुझ्या मावशीचं लग्न 1991 चं, माझं 1999 चं. एका आईच्या पोटच्या आम्हा दोघींत कायद्यानं रेघ ओढली. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीनं ती पुसली. आणि 2007 मध्ये, आजोबा गेल्यावर, आम्ही दोघींनीही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या.

कुणी जबरदस्ती केली नाही. निबंधकाच्या कचेरीत जायच्या आधी मामीनं आमची ओटी भरली, खण-नारळ दिला. कागदावर "स्वखुशीने" असा शब्द होता. मी तो दोनदा वाचला. खुशी होती का? भाऊबीजेला माहेरचं दार उघडं राहावं, एवढंच डोक्यात होतं. वकिलाला त्यात संमती दिसेल, हिशेब मांडणाऱ्याला दोन एकर, आणि नात्यांचा अभ्यास करणाऱ्याला ती ओटी दिसेल. मला त्या दिवशी हे सगळं एकदमच दिसत होतं, पण सांगायला शब्द नव्हते. ते तू शिकते आहेस, मुक्ता. म्हणून तुझ्या विषयाला कुणी खिचडी म्हटलं की माझा जीव तुटतो. घर असंच असतं, गुंतलेलं. ते एकाच बाजूनं पाहणाऱ्याच्या हाती कसं लागेल?

काका विचारतात ना, कुटुंबाचा कसला अभ्यास, घरात राहिलं की कळतंच सगळं? मी चोवीस वर्षं संसार केला. मामीला त्या दिवशी काय वाटलं, ते मला आजही माहीत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस मामाकडे राहून ये. हक्कसोडपत्राची नक्कल माझ्या कपाटात पिवळ्या पिशवीत आहे, ती घेऊन जा. मामीशी मामा रानात गेल्यावर बोल. वही लगेच उघडू नकोस, आधी तिच्याबरोबर चकल्या पाड.

तुझी,
आई