पगाराला शंभरनं गुणू नका

तीर्थरूप आई आणि अप्पा यांना साष्टांग नमस्कार. चि. सोनूला अनेक आशीर्वाद.

फोनवर रोज बोलणं होतं, तरी जर्मनीहून मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर पगाराचा विषय निघाला की आई म्हणते, "ते राहू दे, तू जेवलीस का?" आणि सोनू माझ्या युरोंना लगेच शंभरनं गुणायला बसतो. हे पत्र सोनूनं आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं, मधलं काही न गाळता.

सोनू, तू आकडा विचारलास, तर आधी आकडाच घे. कागदावर इथल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून माझा पगार महिना ३,६०० युरो. युरोचा भाव शंभराच्या वर आहे, म्हणजे तुझ्या गुणाकारानं साडेतीन लाखांच्या पुढे. हातात पडतात २,३८० च्या आसपास. आयकर, आजारपणाचा विमा, पेन्शन, बेकारीचा विमा आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या देखभालीचा विमा, एवढं सगळं पगार खात्यात यायच्या आधीच कापलं जातं. मग खोलीचं भाडं, हीटरसकट, ६४०. बस-रेल्वेचा महिन्याचा पास ६३. घरात टीव्ही असो नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी १८.३६, ती सहसा कुणाला चुकत नाही. घरी जे चाळीस हजार येतात ते मी महिन्याच्या पहिल्याच दिवशी बाजूला काढते. शेवटी उरलेलं पाठवायचं ठरवलं असतं तर कितीतरी महिने काहीच आलं नसतं.

म्हणून म्हणते, रुपयांत गुणू नकोस, तासांत मोज. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून जवळपास कुठल्याही कामाला तासाला कमीत कमी १३.९० युरो ठरले. २०१५ मध्ये हा कायदा आला तेव्हा ते साडेआठ होते. वृद्धाश्रमातल्या शिकलेल्या नर्ससाठी वेगळा किमान दर आहे, जुलै २०२५ मध्ये तो २०.५० झाला. आता बघ, सगळ्यात खालच्या पगाराच्या माणसाला कापाकापी होऊनही एका तासात दहा किलो गव्हाचं पीठ घेता येतं. आणि त्यालाच केस कापायचे असतील तर दोन तासांची कमाई न्हाव्याला द्यावी लागते. जिथं माणसाचा हात लागतो तिथं इथं पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे नेमकं उलटं. आई, हजार विड्या वळायला तुला दहा-बारा तास लागतात आणि हातात दोनशेच्या आत-बाहेर येतात. तुझ्या एका तासात जेमतेम अर्धा किलो ज्वारी येते. तुझे हात इथल्या कुणाच्याही हातांपेक्षा हळू नाहीत. मी लहानपणी तुझ्याशेजारी बसून विड्या मोजल्यात, मला माहीत आहे.

सोलापुरात ज्या खासगी दवाखान्यात मी होते तिथला पगार १४,००० होता. पाळी बारा तासांची, आणि पुढची नर्स आली नाही तर चोवीस तासांची. कामावर घेताना माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांनी कपाटात ठेवून घेतली होती. ती परत मिळवायला मी चार महिने खेटे घातले. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला वीस हजारांच्या खाली पगार नसावा असं सांगितलं होतं. हे मला तिथं असताना कुणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

इथं काम सोपं आहे असं समजू नका. मी आले तेव्हा भाषेची परीक्षा झालेली होती, तरी माझ्या शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत आठ महिने मदतनीस म्हणूनच राबले, मदतनिसाच्याच पगारावर. रात्रपाळीला सगळ्या मजल्यावर मी आणि एक मदतनीस. उचलून उचलून कंबर धरते. माणसं कमी आहेत, म्हणून तर आम्हाला बोलावलं. पण एक पाळी संपली की दुसरी सुरू होईपर्यंत एरवी कमीत कमी अकरा तासांची विश्रांती द्यावीच लागते. आमच्यासारख्या ठिकाणी ती दहा तासांवर आणता येते, पण ती कमी पडलेली विश्रांती नंतर भरून द्यावी लागते. जास्तीचा प्रत्येक पाव तास नोंदला जातो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले तेव्हा मी ड्यूटीवर होते आणि रडूही आलं, पण तो दिवस कुणी फुकटात घेतला नाही.

नोव्हेंबरमध्ये मला ताप आला होता, ते तुम्हाला कळवलं नव्हतं. सकाळी सहाला फोन करून सांगितलं, डॉक्टरकडे गेले, नऊ दिवस घरी होते. पगार पुरा आला. इथं आजारी माणसाला सहा आठवडे मालकच पूर्ण पगार देतो, पुढं विम्यातून त्यातला काही भाग मिळतो. पगाराची ती चिठ्ठी हातात धरून मी बसून राहिले. अप्पा, तुमचा हात मागात सापडला होता त्या वर्षी आपण साखर पेठेतल्या दुकानातून उधारीवर तांदूळ आणत होतो. बारा तास माग चालला तर मजुरी, नाही चालला तर नाही. वीज गेली तर तेही तुमच्याच अंगावर. आठवड्याच्या पगारातून खाडे कापताना मालक चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता, रीतच तशी होती.

आता आईसाठी लिहिते ते महत्त्वाचं. माझ्याकडे सत्त्याऐंशी वर्षांच्या एक आजी आहेत. तरुणपणी सूतगिरणीत होत्या. ती गिरणी बंद पडली, आपल्या सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू गिरणीसारखीच. त्यांना मी तुझा सुपावर विड्या वळतानाचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बोटांकडेच पाहिलं आणि विचारलं, "हात थांबले की हिला कोण देणार?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यांचं सगळं आलबेल आहे असंही नाही. वृद्धाश्रमात स्वतःच्या खिशातून महिन्याला सरासरी तीन हजार युरोंच्या वर भरावे लागतात, त्यांची पेन्शन पुरत नाही आणि घर विकून झालंय. तरी पेन्शन आहे, कारण त्यांच्या आणि गिरणीच्या दोघांच्याही पैशातून ती भरली गेली.

आई, हक्क तुलाही आहे. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कारखान्याची कामगारच आहे आणि तिला पीएफ लागू आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच मान्य केलं. दहा वर्षं नोकरी भरली की पेन्शन बसते. कमीत कमी पेन्शन महिना १,००० रुपये, २०१४ पासून तेवढीच. हजार रुपयांत काय होतं, तू म्हणशील. खरं आहे, आणि तो आकडा वाढला पाहिजे. पण तेही सुटायला नको. विडी घरकुलात आपल्या समोरच्या पद्मा अक्काचं नाव आधारवर एक आणि कारखान्याच्या वहीत दुसरं, म्हणून त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता ना? तुझंही माहेरचं नाव कुठंतरी राहिलंय अशी मला शंका आहे. सोनू, आईचं विडी कार्ड, आधार आणि पीएफचा नंबर एका जागी घे, नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का बघ. नसेल तर युनियनच्या ऑफिसात जाऊन विचार, एकटा कारखान्यात भांडू नकोस. आणि आई, रात्री अकरानंतर सूप खाली ठेव. माझे पैसे त्यासाठीच येतात.

सोनू, तो एजंट. साडेतीन लाख घेऊन तीन महिन्यांत जर्मनी म्हणतो, त्याला एक रुपया देऊ नकोस. मला इथं यायला नोकरी देणाऱ्यांनीच खर्च केला, मी एजंटला काही दिलं नाही. भाषा नाही, इथं मान्य होईल असं शिक्षण नाही, तर टॉवेल कारखान्यातला अनुभव सांगून व्हिसा मिळत नाही. यायचंच असेल तर आयटीआयचं राहिलेलं वर्ष पूर्ण कर आणि भाषेचा क्लास लाव. क्लासची फी मी भरते. नसेल यायचं तरी मला वाईट वाटणार नाही, अप्पांजवळ कुणी असलं तर माझी रात्र नीट जाते.

शनिवारी माझी पाळी दुपारी दोनला सुरू होते. त्याआधी कार्डाचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा.

तुमची लेक,
ताई