व्हेरिकोज व्हेन्स: जाहिरातीतला पाय आणि वॉर्डातला पाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत हल्ली वरचेवर अर्ध्या पानाची जाहिरात दिसते. व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे पायांतल्या फुगलेल्या शिरांवर लेझरने इलाज, चिरफाड नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. सोबत एका तरुणीच्या गुळगुळीत पोटरीचा फोटो. या जाहिरातीतला दावा बराचसा खरा आहे. खटकतो तो फोटो. सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून माझी सारी नोकरी झाली. तिथे या आजाराचे जे पाय पाहिले ते असे नव्हते. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून लाकडासारखी टणक झालेली, मधोमध न भरणारी जखम, आणि ती बांधायला घरून आणलेली जुन्या साडीची पट्टी. पाय कुणाचे? एसटीच्या वाहकाचे, केशकर्तनालयात दिवसभर उभे राहणाऱ्याचे, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाईचे, वाहतूक पोलिसाचे.

आजार समजायला अवघड नाही. पायातले रक्त वर हृदयाकडे चढताना मागे घसरू नये म्हणून शिरांना जागोजागी झडपा असतात. आमच्या सांगलीकडच्या शेतकऱ्याला एवढेच सांगते, की पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की चढलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरते, तसेच हे. जांघेजवळची झडप निकामी झाली की रक्ताचा सगळा भार खाली घोट्यापर्यंत येतो. शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतो, रात्री पोटरीत गोळे येतात, पुढे खाज, काळेपणा आणि शेवटी जखम. सगळ्यांचे एवढे टोकाला जात नाही, हेही सांगायला हवे. गरोदरपणात उठलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात. त्यासाठी कुणी घाईने टेबलावर जाऊ नये.

आमच्या वेळी यावर उपाय म्हणजे स्ट्रिपिंग. कमरेत भूल देऊन जांघेत चीर घ्यायची, मोठी शीर तिथे बांधायची, आत तार घालायची आणि गुडघ्यापर्यंतची शीर ओढून काढायची. दुसऱ्या दिवशी मांडी निळीजांभळी. कुणाला पायाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहायचा. आठवडेच्या आठवडे कामाला सुट्टी. रोजंदारीवरचा माणूस म्हणायचा, "सिस्टर, पट्टीच बांधा, ते ऑपरेशन नको." आणि आम्ही पट्टी बांधायचो.

मग १९९९ ते २००२ च्या सुमारास चित्र पालटले. शीर काढायची गरज नाही, आतून बंद केली तरी पुरते, हे सर्जन लोकांना उमगले. लेझरच्या पद्धतीत गुडघ्याजवळ एक सुई टोचून सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक फायबर वर जांघेपर्यंत सरकवतात. शिरेभोवती बधिर करणारे पातळ केलेले औषध भरतात. त्याने दुखत नाही आणि आसपासचे मज्जातंतू व कातडी भाजण्यापासून वाचतात. मग उष्णता देत फायबर मागे घेतात, शीर आक्रसते आणि पुढे काही महिन्यांत शरीरच तिला जिरवते. रक्त बाकीच्या चांगल्या शिरांतून जाते. रेडिओफ्रिक्वेन्सी हा त्याचाच भाऊ. तिथे सात सेंटीमीटरचा एकेक टप्पा १२० अंशांवर वीस सेकंद तापवतात. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो, किंबहुना चालायलाच लावतात. वर्षभराने तपासले तर दहांतल्या नऊहून अधिक शिरा बंदच असतात. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्येच क्रम लावून दिला: आधी उष्णतेने शीर बंद करणे, ते जमत नसेल तर फोमचे इंजेक्शन, तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया.

ग्लू नावाची आणखी एक पद्धत आली आहे. शिरेत वैद्यकीय डिंक सोडून ती चिकटवतात. उष्णता नाही, त्यामुळे टोचाटोची कमी. पण महाग, काहींना त्या जागी लाली व खाज येते, आणि तो पदार्थ शरीरात राहतो. जाहिरातीत ग्लू सगळ्यात मोठ्या अक्षरात का असतो, हे वाचकांनी ओळखावे.

मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते फोमबद्दल, कारण त्याची जाहिरात कुणी करत नाही. पोलिडोकॅनॉलसारखे औषध आणि हवा दोन सिरिंजांमधून उलटसुलट ढकलली की साबणाच्या फेसासारखा फोम तयार होतो. इटलीच्या तेस्सारींनी २००० मध्ये सुचवलेली युक्ती. सोनोग्राफीखाली तो शिरेत सोडून ती बंद करायची. लेझरचे यंत्र नको, महागडे फायबर नको. मोठ्या शिरेसाठी तो लेझरइतका टिकाऊ नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांना पाच वर्षे तपासून २०१९ मध्ये जो निष्कर्ष छापला गेला, त्यात लेझर आणि शस्त्रक्रिया या दोन्ही गटांतल्या लोकांचे जगणे फोमवाल्यांपेक्षा सुसह्य होते. फोम पुन्हा द्यावा लागतो, कातडीवर तपकिरी डाग राहू शकतो. तरीही वाकड्यातिकड्या शिरांना, ऑपरेशननंतर पुन्हा उठलेल्या शिरांना, भूल न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो उपयोगी आहे. जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी आहे, सर्जन आहेत. आठवड्यातून एक दिवस शिरांची ओपीडी चालवायला आणखी काय हवे? शिकवणारा माणूस आणि ठरवणारा अधिकारी.

जखमेच्या बाबतीत तर उशीर करण्याला आता सबबच उरलेली नाही. पूर्वी शिकवत, की जखम आधी भरू द्या, शिरांचे नंतर बघू. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत ४५० रुग्ण होते. दाबपट्टी सगळ्यांनाच होती. अर्ध्यांची शीर लगेच बंद केली, अर्ध्यांची नंतर. लगेच केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, बाकीच्यांपैकी निम्म्यांच्या भरायला ८२ दिवस लागले. आमच्याकडे मात्र अजूनही वर्षानुवर्षे ड्रेसिंग, वर अँटिबायोटिक, मधूनच कुणी सांगितलेल्या जळवा. जळवांनी काळे रक्त निघते आणि चार दिवस हलके वाटते, झडप काही दुरुस्त होत नाही. लवचिक मोज्यांचेही तसेच. ते घातलेत तोवर सूज आवरतात, शिवाय आपल्या मे महिन्यात गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा किती जण घालतील? आणि मधुमेह्याच्या पायाला कुणीही परस्पर घट्ट पट्टी बांधू नये. आधी पायाला शुद्ध रक्ताचा पुरवठा ठीक आहे का ते तपासावे लागते, नाहीतर बोटे जाण्याची वेळ येते.

ओळखीतल्या एका शिक्षिकेला एका खासगी दवाखान्यात पहिल्याच भेटीत दोन्ही पायांचे 'पॅकेज' सांगितले. डॉप्लर (शिरेतले रक्त कसे वाहते ते दाखवणारी सोनोग्राफी) केले होते का, विचारले, तर नाही. दुसरीकडे तपासल्यावर मोठी शीर दोन्ही पायांत ठणठणीत निघाली. होत्या त्या कातडीतल्या बारीक कोळिष्टकासारख्या रेषा, ज्यांना आतल्या लेझरची गरजच नव्हती. जाहिरात वाचून निघालेल्या प्रत्येकाने म्हणून आधी डॉप्लर मागावे, आणि ते उभे करून केलेले असावे. आडवे झाल्यावर शीर रिकामी होते आणि गळती नीट दिसत नाही. झडपेतून रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मागे घसरत असेल, तर ती शीर बिघडलेली धरतात. खोलवरच्या मोठ्या शिरेत जुनी गुठळी आहे का, हेही त्यातच कळते. ती वाट तुंबलेली असेल तर वरची फुगलेली शीर हाच रक्ताचा उरलेला मार्ग असू शकतो, तो बंद करून कसे चालेल? लेझरनंतरही गुठळी होणे, कातडी भाजणे, बधिरपणा हे धोके थोडे का होईना असतात. शिरा काही वर्षांनी पुन्हा उठू शकतात, हेही आधी सांगायला हवे.

पैशाचे एक. बऱ्याच आरोग्यविमा पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्ससाठी दोन वर्षांची प्रतीक्षा असते. 'सौंदर्यासाठी केले' म्हणून दावा फेटाळला जाण्याची भीतीही असते. सूज, काळेपणा, जखम जे असेल ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

हेही इथे लिहून ठेवते, कारण घरी कुणी सांगत नाही. फुगलेली शीर कधी फुटते आणि रक्ताची धार लागते. माणूस घाबरून उभाच राहतो आणि रक्त थांबत नाही. आडवे व्हावे, पाय छातीपेक्षा वर उचलून धरावा, स्वच्छ फडके जागेवर घट्ट दाबावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे. वर दोरी आवळू नये, त्याने शीर आणखी फुगते.

आता आपल्याकडे मागणी. डॉक्टरांनी किंवा संस्थांनी रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणे २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत अनैतिक ठरवले आहे. जाहिरात विभागाला हे ठाऊक नसेल असे वाटत नाही. जाहिराती बंद करा, असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या जागेत, एखाद्या सरकारी रुग्णालयातल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडून या विषयावर लिहून घ्या. आपल्या वार्ताहराला जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये पाठवून विचारा, की पायाच्या जखमा घेऊन येणाऱ्यांपैकी किती जणांचे डॉप्लर होते आणि शीर बंद करण्याची सोय इथे कधी होणार. एसटी आणि वाहतूक शाखा यांच्या वैद्यकीय तपासणीत कर्मचाऱ्यांची विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाय बघितले जातात का, हाही प्रश्न त्यात असू द्या. उत्तर आले तर छापा, नाही आले तर तेही छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सांगली