उपास सोडू का मग?

परभणी,
वैशाखातली दुपार

प्रिय दत्ता,

परवा फोनवर हसत हसत म्हणालास, "बीपी जरा वाढलंय, पण जिममधल्या भाऊनं गोळी दिलीय, मॅनेज व्हायलंय." मी नुसतं हां हां केलं. घरात सगळे बसलेले, बोलता येईना.

'मॅनेज' मी पण लई केलंय गड्या. बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घ्यायचो, त्याच्या दुसऱ्या कोर्सला छातीत सुपारीएवढी गाठ आली. टेस्टोस्टेरॉन जास्त झालं की शरीर त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बायकी हार्मोनमध्ये, फिरवतं, त्याची ती. भाऊनं इस्ट्रोजेन दाबायची गोळी दिली. ती जास्त झाली तर सांधे असे दुखायले की जिना उतरताना कठडा धरायचो. मग दुखण्याची गोळी. एका दुकानाची उधारी दुसऱ्या दुकानातून उसनं आणून फेडायची, तसं चाललं होतं आपलं.

आता तुझं बीपी. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं बीपी पडलं तर देतात ते मेफेंटरमाइन तू वर्कआउटआधी टोचत असशील, तर बीपी वाढलं यात नवल काय? ते आधी बंद कर. मग सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून हिमॅटोक्रिट बघ, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते. टेस्टोस्टेरॉननं तांबड्या पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं. डॉक्टर स्वतः हे हार्मोन देतात तेव्हासुद्धा तो आकडा 54 टक्क्यांवर गेला की थांबवतात. पाणी मात्र पिऊन जा, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात आकडा उगाच चढलेला दिसतो. लिपिडच्या तपासणीत एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल बघ, स्टिरॉइडच्या गोळ्यांच्या कोर्सनं ते पार तळाला जातं. आणि लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसले म्हणून लगेच घाबरू नको. जड डेडलिफ्टनंतर ते स्नायूंतूनही येतात. आठवडाभर व्यायाम थांबवून जा, सोबत जीजीटी करायला सांग, ते स्नायूंतून येत नाही, लिव्हरचं कळतं. पण डोळे पिवळे दिसले तर रिपोर्टची वाट बघत बसू नको. स्पर्धेआधी पाणी तोडायला कुणी लघवीची गोळी देईल, ती अजिबात घेऊ नको. पोटॅशियम बिघडलं की हृदयाचा ठोका चुकतो.

लिहायला बसलो ते खरं यासाठी नाही.

तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती, घरात पाळणा नव्हता. आईनं तुझ्या वहिनीला तुळजापूर, माहूर, औंढा सगळं करायला लावलं. सोमवार, शुक्रवार, उपास. बाया तिलाच विचारायच्या. माझा दंड अठरा इंच, मला कोण विचारतंय? शंका मला होती. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच, एफएसएच हे अंडकोषांना कामाला लावणारे हार्मोन पाठवायचं थांबवतो आणि अंडकोष काम सोडतात, हे मला माहीत होतं. तरी गप्प बसलो, आणि ती उपाशी राहिली. शेवटी संभाजीनगरला तपासणी केली. शुक्राणू शून्य. परतीच्या बसमध्ये जालना येईपर्यंत तोंड उघडलं नाही. जालन्याला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "उपास सोडू का मग?"

त्यानंतर मी सगळं एकदम बंद केलं, तेही स्वतःच्याच मतानं. अंगात जोर नाही, झोप नाही, जीव नकोसा झाला. मग एंडोक्रायनोलॉजिस्टकडं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडं गेलो. काय घेतलं, किती, कधीपासून, सगळं खरं सांगितलं. शुक्राणूंचा काउंट परत यायला चौदा महिने लागले. कुणाला लवकर येतो, कुणाला याहून उशीर. तुला तसं नकोसं वाटायला लागलं तर रात्री दोनला पण फोन कर.

बुधवारी नांदेडला येतोय. सकाळी उपाशीपोटी, पाणी पिऊन स्टेशनवर ये. कुप्या न् गोळ्यांची पाकिटं फेकू नको, डॉक्टरला दाखवू. लेबलवरचंच आत असतं असं नाही. आणि हो, त्या जिममधल्या पोरांना सांग, एका कुपीत दोघांच्या सुया बुडवू नका म्हणावं.

छोटी आता चालायली. घरी आलास तर आईसमोर यातलं काही काढू नको. तिला वाटतं माहूरच्या रेणुकेनंच ऐकलं. राहू दे तसंच, असं तुझी वहिनी म्हणते.

तुझा,
बालू